टर्बो लावल्यापासून क्लच सारखा घसरतोय? नवी प्लेट घ्यायच्या आधी पेट्रोलचा दाब बघा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यात येते. "दादा, परत क्लच बसला. या वेळी तर हेवी ड्युटी टाकला होता." गाडी जुनी एस्टीम, त्यावर एखाद्या डिझेल गाडीचा लहान टर्बो, पुढं इंटरकूलर, कोल्हापूरच्या उद्यमनगरात वेल्डिंग करून घेतलेला मॅनिफोल्ड आणि बूस्ट (टर्बोनं इंजिनात कोंबलेल्या हवेचा जादा दाब) ०.६ बार. तिसऱ्या-चौथ्या गिअरला बूस्ट भरला की आरपीएमचा काटा वर पळतो, गाडीचा वेग मात्र वाढत नाही आणि केबिनमध्ये जळका वास येतो. प्लेट बदलली की काही दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच रडगाणं.

एस्टीमचं इंजिन आपल्याकडं हाताखालचं आहे. फॉर्म्युला एलजीबी या रेसिंग मालिकेच्या गाड्यांमध्येही मारुतीचं हेच १२९८ सीसीचं इंजिन वापरलं गेलं, त्यामुळं रेसिंगचा नाद असलेल्या कोल्हापूरच्या पोरांना त्याचा स्वभाव ठाऊक असतो. १६ व्हॉल्व्हचं इंजिन कंपनीतून साधारण ८५ हॉर्सपॉवर आणि ११० न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क देतं. खालचे हिशेब या इंजिनाचे आहेत, पण रीत कुठल्याही टर्बो प्रोजेक्टला लागू पडते.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती क्लच बदलण्याच्या घाईची. क्लच घसरतो तेव्हा बूस्ट भरतो न भरतो तोच आरपीएम उडतो आणि आपण पाय काढून घेतो. म्हणजे इंजिन पूर्ण बूस्टवर सलग असं कधी चाललेलंच नसतं. पंप कमी पडतोय, इंजेक्टर पूर्ण उघडलेत, हे त्यामुळं कळतच नाही. मग कुणीतरी दणकट क्लच बसवतं. आता चौथ्या गिअरला पाच-सात सेकंद सलग बूस्ट टिकतो, पेट्रोल तेवढं पोचत नाही, मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते किंवा पिस्टनलाच भोक पडतं. क्लचचं काम हजारांत निघालं असतं, ते पूर्ण इंजिनावर जातं. म्हणून आधी पेट्रोल पक्कं करायचं, मग क्लच. गाडी उघडलेलीच असेल तर दोन्ही कामं एकदम करा, पण नुसता क्लच बदलून गाडी बूस्टवर नेऊ नका.

घसरतोय की मिसिंग आहे?

आधी रोग नक्की करा, कारण पुष्कळदा "क्लच गेला" म्हणून आलेल्या गाडीचा क्लच ठणठणीत असतो. क्लच घसरतो तेव्हा आरपीएम सफाईदार वर जातो, इंजिनचा आवाज स्वच्छ असतो, फक्त वेग साथ देत नाही. पेट्रोल कमी पडतं तेव्हा उलट होतं: आरपीएम एका जागी अडकतो, गाडी आचके देते, सायलेन्सरमधून फटफट ऐकू येते. लॉगर (इंजिनाचे आकडे नोंदवणारं यंत्र) असेल तर प्रश्नच मिटतो. एका गिअरमध्ये आरपीएम आणि वेग यांचं प्रमाण बदलत नाही. चौथ्यात ६० ला २२०० दिसत असतील तर ९० ला ३३००च दिसले पाहिजेत. बूस्ट आल्यावर ९० ला ३७०० दिसले तर मधले ४०० आरपीएम क्लचमध्ये जळताहेत.

तिसरं एक कारण या दोघांच्या आड लपतं, ते म्हणजे ठिणगी विझणं. सिलिंडरमधला दाब वाढला की प्लगची फट तीच ठेवून चालत नाही. १.१ मिलिमीटरची फट बूस्टवर मिसिंग करते, ती ०.७ ते ०.८ वर आणा. यात एक फसवणूक आहे. जो सिलिंडर पेटला नाही त्यातला ऑक्सिजन तसाच एक्झॉस्टमध्ये येतो, आणि वाइडबँड मीटर (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारं) "लीन" दाखवतं. पेट्रोल पुरेसं असतानाही लोक इंजेक्टर बदलत बसतात. वाइडबँडच्या आधी एक्झॉस्टची गॅस्केट फुंकत असली तरी बाहेरची हवा ओढली जाऊन असंच खोटं वाचन येतं. म्हणून प्लगची फट आणि गॅस्केट आधी बघा, या दोन्हींना फार खर्च नाही. कंपनीच्या साध्या ऑक्सिजन सेन्सरवर मात्र विसंबू नका. लॅम्डा १ म्हणजे हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण, त्याखाली पेट्रोल जास्त, वर कमी. तो सेन्सर फक्त लॅम्डा १ च्या अल्याड की पल्याड एवढंच सांगतो, आपल्याला बूस्टवर ०.८० की ०.९० ते कळायला पाहिजे.

काढलेली प्लेट भंगारात टाकू नका

पोरं नवी प्लेट घेऊन येतात, जुनी तिथंच टाकून. जुनी प्लेट हातात घेऊन उजेडात बघितली तर निम्मं उत्तर तिच्यावरच असतं.

दोन्ही बाजूंचं लायनिंग सारखंच काळं आणि काचेसारखं चकचकीत झालं असेल, तर टॉर्क क्लचच्या कुवतीबाहेर गेलाय. हा सरळ मामला, दणकट क्लच लागणार. फक्त बाहेरची कड घासलीय आणि आतला भाग जवळजवळ नवा असेल, तर उष्णतेनं प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी) वाकलीय आणि ती पूर्ण टेकत नाही. नुसती प्लेट बदलून उपयोग नाही, कव्हरही (प्रेशर प्लेटचा पूर्ण संच) बदला. फ्लायव्हीलच्या बाजूलाच जास्त झिजली असेल तर फ्लायव्हीलच्या पृष्ठभागात खोट आहे. मधल्या स्प्रिंगा सैल किंवा तुटलेल्या असतील तर ते काम क्लच दणकन सोडण्याचं.

आणि लायनिंगवर मधल्या भागातून बाहेर पसरत गेलेला काळा चिकट थर असेल, तर थांबा. बोटानं घेऊन वास घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, तो ओळखू येतो. तो आला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गळतंय. इंजिन ऑइल असेल तर क्रँकचं मागचं सील. इथं टर्बो गाड्यांचा एक खास आजार आहे. क्रँककेसमधून इनटेक मॅनिफोल्डकडं जाणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह मूळ गाडीत फक्त व्हॅक्यूमसाठी असतो. टर्बो लावल्यावर त्याच मॅनिफोल्डमध्ये दाब येतो, जुना व्हॉल्व्ह तो पूर्ण अडवू शकत नाही, आणि बूस्ट उलटा क्रँककेसमध्ये शिरतो. रिंगांतून गळून येणारा वायू, म्हणजे ब्लो-बायही, आता वाढलेला असतो. हा सगळा दाब वाट शोधतो आणि मागच्या सीलमधून ऑइल ढकलतो, ते थेट क्लचवर. नवं सील टाका, नवी प्लेट टाका, पीसीव्ही तसाच ठेवला तर पुन्हा तेच होणार. त्या नळीत बूस्ट सहन करणारा एकतर्फी व्हॉल्व्ह घाला, आणि टॅपेट कव्हरचा ब्रीदर जाड नळीनं कॅच कॅनमध्ये (ऑइल अडवणाऱ्या डब्यात) काढा. इंजिन चालू असताना डिपस्टिक उचलून बघा. ती दाबानं आपोआप वर येत असेल तर क्लच मार्केटला जायची गरज नाही, आधी हे मिटवा.

केबलचं एक सांगून पुढं जातो. एस्टीमचा क्लच केबलवर चालतो. पेडलला १५ ते २५ मिलिमीटर मोकळी चाल हवी. केबल ताणून लावली की रिलीज बेअरिंग सतत प्रेशर प्लेटच्या बोटांवर टेकून राहतं, पकड तेवढी कमी होते आणि चांगला क्लचसुद्धा घसरतो. पाच मिनिटांचं काम, पण सगळ्यात शेवटी बघितलं जातं.

हिशेब कागदावर

क्लच निवडायला टॉर्क लागतो, पंप-इंजेक्टर निवडायला हॉर्सपॉवर. "दीडशे हॉर्सपॉवरला कुठला क्लच टाकू" असं कुणी विचारलं की मी टॉर्क विचारतो, कारण तेवढीच हॉर्सपॉवर ७००० आरपीएमला कमी टॉर्कवर निघते आणि ४००० ला जास्त टॉर्कवर.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथं हवेचा दाब साधारण ०.९५ बार. त्यावर ०.६ बार बूस्ट म्हणजे एकूण १.५५, मूळच्या १.६३ पट. पण टॉर्क तितक्या पट होत नाही. दाबलेली हवा तापते, आणि या इंजिनाचं कॉम्प्रेशन साधारण साडेनऊला एक असल्यामुळं ठिणगीचं टायमिंग मागं घ्यावंच लागतं. ११० ला दीडपट धरा, १६५ न्यूटन मीटर. हाच टॉर्क ५५०० आरपीएमपर्यंत टिकला तर १६५ गुणिले ५५०० भागिले ७०२३, म्हणजे जवळजवळ १३० हॉर्सपॉवर. हे दोन आकडे, १६५ आणि १३०, भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. पुढं सगळं त्यांच्यावरच चालतं.

पेट्रोल: कुठं कमी पडतंय?

टर्बो इंजिनाला पूर्ण भाराला दर हॉर्सपॉवरमागं मिनिटाला साधारण ६.३ सीसी पेट्रोल लागतं. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. निव्वळ पेट्रोलचं प्रमाण १४.७, तर ई२० चं साधारण १३.५. म्हणून ७ सीसी धरा. १३० गुणिले ७ म्हणजे मिनिटाला ९१० सीसी. चार इंजेक्टरमध्ये प्रत्येकी २२८, आणि इंजेक्टर ८० टक्क्यांच्या वर उघडा ठेवायचा नाही म्हणून भागिले ०.८, म्हणजे २८५. तर ३ बार दाबाला ३०० सीसीचे इंजेक्टर बरोबर बसतात. "पुढं वाढवायचंय" म्हणून कुणी थेट ६०० सीसीचे घालतं, मग आयडल धड लागत नाही आणि सिग्नलला गाडी बंद पडते. घेताना ओहम मोजा. १२ ते १६ ओहमचे घ्या. दोन-तीन ओहमचे इंजेक्टर साध्या ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) जोडले तर त्यातलं इंजेक्टर चालवणारं सर्किट जळतं.

आता तपासणी. रेलला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीला) टी लावून प्रेशर गेज जोडा. गेज केबिनमध्ये आणायचं नाही, बॉनेटच्या मागं काचेच्या बाहेर बांधायचं. पेट्रोलची नळी केबिनमध्ये फुटली तर पळायलाही वेळ मिळत नाही. गाडी डायनोवर (जागेवर ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा रहदारी नसलेल्या मोकळ्या ट्रॅकवर, शेजारी बसणाऱ्यानं फक्त गेज बघायचं.

पेट्रोलचा दाब राखणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी मॅनिफोल्डला जोडलेली असेल तर बूस्ट जितका वाढेल तितकाच रेलचा दाब वाढला पाहिजे. ३ बारचे ३.६ झाले पाहिजेत. वाढलेच नाहीत तर ती नळी तडकलीय, निसटलीय, किंवा रेग्युलेटर टाकीत असून रिटर्न लाइनच नाही. याचा परिणाम लोकांना वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. इंजेक्टरच्या तोंडाशी आता ०.६ बारचा उलटा दाब आहे, म्हणजे खरा फरक ३ ऐवजी २.४ राहिला. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणं बदलतो, म्हणून पेट्रोल साधारण १० ते ११ टक्के कमी जातं. लॅम्डा ०.८० वर बेतलेली गाडी तेवढ्यानं ०.९० वर जाते. ऐन बूस्टमध्ये हे धोक्याचं आहे, आणि कारण चार इंचाची रबरी नळी! ती नळी दरवर्षी बदला, दोन्ही टोकांना क्लिप लावा.

दाब बूस्टबरोबर वाढला, पण ५००० च्या पुढं हळूहळू खाली आला, तर पंप, फिल्टर किंवा वायरिंग. आधी फिल्टर. जुन्या टाकीत वर्षानुवर्षं बसलेला थर ई२० मुळं सुटतो आणि फिल्टरमध्ये जाऊन बसतो, तेव्हा नवा फिल्टरही लवकर तुंबू शकतो. मग पंपाच्या टोकाला व्होल्टमीटर लावा. बॅटरीवर १४ आणि पंपावर १२ दिसत असतील तर पंप बदलून काही होणार नाही, पंचवीस वर्षांची वायर बदलली पाहिजे. बॅटरीपासून फ्यूज, रिले आणि अडीच चौरस मिलिमीटरची वायर थेट पंपापर्यंत ओढा, अर्थिंगही नवीन. कितीतरी गाड्या एवढ्यावर सुधारतात.

तरी शंका असेल तर पंप मोजा. इंजिन बंद, रिटर्नची नळी मापाच्या कॅनमध्ये, रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम तोंडाला गेजवाला हातपंप लावून ०.६ बार हवा भरा, म्हणजे रेलला बूस्टइतकाच दाब मिळेल. रिलेला बायपास देऊन मिनिटभर पंप चालवा. कॅनमध्ये सव्वा लिटरच्या आसपास आलं तर १३० हॉर्सपॉवरला भरपूर. लिटरच्या आत आलं तर पंप बदला. इंजिन बंद असताना व्होल्टेज थोडं कमी असतं, म्हणजे आकडा जरा कमीच येईल, ते आपल्या फायद्याचंच. हे काम शेडच्या बाहेर, उघड्यावर करायचं. शेजारी कुणी ग्राइंडर मारत नाही ना बघायचं, आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवायचा. यात हयगय नको.

नवा पंप घेताना सगळे तासाला २५५ लिटरवाला मागतात. आपली गरज तासाला ५५ लिटर आहे, राखून धरली तरी ७०-७५. एवढा मोठा पंप लावला की उरलेलं सगळं पेट्रोल बारक्या रिटर्न लाइनमधून परत जायचं असतं, ते मावत नाही, आणि आयडलला रेग्युलेटर असूनही दाब ३ वरून वर सरकतो. शिवाय पेट्रोल सारखं फिरून तापतं. ३.६ बारला तासाला शंभर लिटर देणारा पंप या गाडीला पुरे.

दाब बरोबर, व्होल्टेज बरोबर, तरी लीन? मग इंजेक्टर किंवा ट्यूनिंग. इंजेक्टर किती टक्के उघडा आहे ते काढायची रीत सोपी: मिलिसेकंद गुणिले आरपीएम, भागिले १२००. ६००० आरपीएमला १७ मिलिसेकंद म्हणजे ८५ टक्के, जागा संपली. मूळचा मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचतो, त्याच्या वर ईसीयूला सगळा बूस्ट सारखाच वाटतो. म्हणून अडीच किंवा तीन बारचा मॅप सेन्सर आणि तो वाचणारा ईसीयू, हे या प्रोजेक्टमधलं टाळता न येणारं खर्चाचं काम आहे. बूस्टबरोबर दाब पाच-सहा पट वाढवणारा रायझिंग रेट रेग्युलेटर लावून जुन्या ईसीयूवर भागवायचा मार्ग अजून बरेच जण सुचवतात. मी सुचवत नाही. दाब सहा बारला नेल्यावर तो पंप किती वेळ झेपवणार याचा भरवसा नसतो, आणि टायमिंग तर तसंच पुढं राहतं. तेवढे पैसे साठवा, ईसीयू घ्या.

टाकीचंही बघा. घाटात हेअरपिनला गाडी कलली की अर्ध्या टाकीच्या खाली पंप हवा ओढतो. लॉगमध्ये फक्त लांब वळणातच दाब पडताना दिसला तर पंपाला दोष देऊ नका. टाकी अर्ध्याच्या वर ठेवा, ट्रॅकवर जाणार असाल तर लहान सर्ज टँक (वळणातही पेट्रोल तुटू न देणारी जादा टाकी) लावा.

आता क्लच

पहिला प्रश्न गाडी कुठं चालणार हा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं नोंदणी झालेल्या गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. टर्बोसारखं काम केलेली गाडी रस्त्यावर आणायची तर आधी आरटीओत जाऊन काय शक्य आहे ते लेखी घ्या, नाहीतर ती ट्रॅकसाठी ठेवा आणि ट्रेलरवर न्या. हे ठरलं की क्लचही ठरतो.

क्लचची कुवत चार गोष्टींवर: घासणाऱ्या दोन बाजू, लायनिंगची पकड, प्रेशर प्लेटचा दाब आणि सरासरी त्रिज्या. समजा प्लेट बाहेरून १९० मिलिमीटर आणि लायनिंग आतून १३०, म्हणजे सरासरी त्रिज्या ८० मिलिमीटर. साध्या ऑर्गॅनिक लायनिंगची पकड ०.३ धरा. प्रेशर प्लेट ३५० किलोनं दाबत असेल तर हा क्लच १६५ न्यूटन मीटर झेलतो. आकडा ओळखीचा वाटला ना? भिंतीवर लिहिलेला तोच. म्हणून नवी प्लेट काही दिवस चालते. ती थंड आणि स्वच्छ असताना जेमतेम पुरते, एकदा तापली की पकड घटते, घसरली की आणखी तापते, आणि तिथून पुढं ती सुधारत नाही.

टॉर्कच्या तीसेक टक्के वर कुवत हवी, म्हणजे २१५ न्यूटन मीटर. दोन रस्ते आहेत. लायनिंग तेच ठेवून दाब ४५० किलोपर्यंत वाढवा, २१२ मिळतात. किंवा दाब ३५० च ठेवून सिंटर्ड (धातूची भुकटी भाजून केलेल्या) बटणांची प्लेट घाला, पकड ०.४ धरली तर २२० मिळतात. कागदावर दोन्ही सारखे, चालवायला अजिबात नाहीत.

बटणांची प्लेट ट्रॅकवर उत्तम. उष्णता सहन करते, पेडल हलकं राहतं. पण ती हळू सोडता येत नाही, एकदम पकडते आणि गाडी थरथरते. हंगामात वाघबीळच्या चढाला उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरमागं अडकलात, की अर्ध्या क्लचवर इंच इंच सरकावं लागतं. त्यात ही प्लेट फ्लायव्हील खाते आणि गिअरबॉक्सला धक्के देते. या गाडीचा गिअरबॉक्स ११० न्यूटन मीटरसाठी बनवलाय, हे विसरू नका. म्हणून बटणं घेतलीत तरी मधल्या स्प्रिंगांची घ्या, सॉलिड हब नको.

रस्त्यावरच्या गाडीला मी ऑर्गॅनिक प्लेट आणि जड प्रेशर प्लेट हीच जोडी सांगेन. तिची किंमत पेडलवर मोजावी लागते. केबल जुनी असेल तर ती ताणते, फायरवॉलचा पत्रा लवतो, रिलीज फोर्क वाकतो, आणि क्लच पूर्ण सुटत नाही म्हणून गिअर करकरतात. केबल नवी घाला आणि फोर्कला पट्टी वेल्ड करून घ्या. क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवरही भार वाढतो, तेव्हा सिग्नलला पाय पेडलवर दाबून उभं राहायची सवय सोडा. दोन्हींच्या मधला पर्याय म्हणजे एका बाजूला ऑर्गॅनिक, दुसऱ्या बाजूला बटणं. ३९० किलोच्या कव्हरला २१४ च्या आसपास मिळतात आणि वागणूक बरी असते. चांगल्या बनावटीची मिळाली तर जरूर घ्या.

"स्टेज टू", "हेवी ड्युटी" या लेबलांवर पैसे देऊ नका, किलोत दाब विचारा. विक्रेता सांगू शकला नाही तर मोजून घ्या, आपल्या गावात ते सहज होतं. कव्हरची कड टेकवायची, बसवल्यावर प्रेशर रिंग जिथं असते तितकी ती आत दाबायची आणि त्या जागी प्रेस किती किलो दाखवते ते वाचायचं. मग लायनिंग मिलिमीटरभर झिजल्यावर रिंग जिथं येईल तिथं पुन्हा मोजायचं. डायफ्रॅमचा (कव्हरमधल्या स्प्रिंगचा) दाब झिजेबरोबर आधी थोडा वाढतो आणि नंतर उतरतो. दुसऱ्या वाचनाला तो आताच घसरत असेल तर ते कव्हर परत करा.

बसवताना

फ्लायव्हील नुसतं लेथवर फिरवून घेऊ नका, सरफेस ग्राइंडिंग करा. उद्यमनगरात चांगले ग्राइंडर आहेत, पण मेस्त्रींना स्पष्ट सांगायचं: निळे डाग पूर्ण गेले पाहिजेत, कारण तिथं लोखंड कडक झालेलं असतं. कव्हर बसतं ती कड आणि प्लेट घासते तो पृष्ठभाग यांच्या उंचीत फरक असेल, तर दोन्हीकडून सारखंच काढायचं. फक्त आतलंच काढलं तर प्लेट खोल बसते आणि प्रेशर प्लेटचा दाब तिथंच कमी होतो. मोजून आणलेले ४५० किलो असे एका ग्राइंडिंगमध्ये वाया जातात. बारीक भेगा खोल गेल्या असतील तर फ्लायव्हीलच बदला. ते फुटलं तर पायांजवळ फुटतं.

पृष्ठभाग ब्रेक क्लीनरनं पुसा, नंतर तेलकट बोट लावू नका. स्प्लाइनला ग्रीस नावापुरतं. बोल्ट समोरासमोरच्या जोडीनं थोडे थोडे आवळा, टॉर्क रेंचनं. ऑर्गॅनिक प्लेट ५०० ते ८०० किलोमीटर गावातल्या थांबत-निघत चालीत बसू द्या, तोवर बूस्ट नाही. ही अट कुणी पाळत नाही आणि नवी प्लेट पहिल्याच रविवारी चकाकते.

त्यानंतर बूस्ट ०.३ पासून सुरू करा. लॉगमध्ये लॅम्डा, रेलचा दाब, इंजेक्टरची टक्केवारी, आणि आरपीएम-वेगाचं प्रमाण, चारही एकाच वेळी बघायचं. पूर्ण भाराला लॅम्डा ०.८० च्या आसपास, टायमिंग सुरुवातीला दर ०.१ बारला एक-दीड अंश मागं. सगळं जागेवर असेल तरच पुढचे ०.१ बार. दाब पडला किंवा लॅम्डा ०.८५ च्या वर गेला तर तिथंच पाय काढायचा आणि टाकीपासून इंजेक्टरपर्यंत पुन्हा तपासायचं, बूस्ट तोवर वाढवायचा नाही. ०.६ ला पोचल्यावर प्लग काढून बघा. पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरीच्या भुकटीसारखे काळे ठिपके किंवा चकाकणारे बारीक कण दिसले तर नॉक (मिश्रण अवेळी भडकणं) सुरू झालाय, टायमिंग आणखी मागं घ्या. आणि एवढं करूनही चौथ्या गिअरला प्रमाण सुटलं, तर प्लेट उतरवून, न पुसता, तशीच पिशवीत घालून घेऊन या.